एका म्हाताऱ्या आगबोटीचा हिशेब

दरवर्षी ५ एप्रिलला आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन पाळला जातो. १९१९ साली याच तारखेला सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून लंडनला निघाली, आणि हिंदी मालकीची बोट त्या मार्गावर गेल्याची आठवण म्हणून १९६४ पासून हा दिवस ठरला. समारंभातली भाषणे बहुधा बोट गोदीतून सुटते तिथपर्यंत येऊन थांबतात. पुढे तिचे काय झाले हे कोणी फारसे सांगत नाही, कारण ते सांगायला सोयीचे नाही. मोजक्या फेऱ्यांनंतर १९२१ साली ती मुंबईत नांगरून ठेवावी लागली आणि १९२३ साली भंगारात निघाली. चार वर्षांत मोडीत गेलेल्या बोटीच्या नावाने देशाने सण करावा का, असा प्रश्न कोणी विचारला तर तो अगदीच खवचट म्हणता येणार नाही. माझे म्हणणे असे की सण योग्य आहे, त्याचे सांगितले जाणारे कारण मात्र चुकीचे आहे. ‘लॉयल्टी’ धंदा म्हणून फसली. ती का फसली हे तिच्या मालकांपैकी निदान एकाला लवकर उमगले, आणि त्या उमजण्यातून जे पुढे उभे राहिले त्याचा एक धागा मुंबईच्या गोदीत न राहता घाट चढून सातारा-सांगलीकडे आला. तो धागा धरून पाहिले की या बोटीचा खरा हिशेब लागतो.

बोट मुळात आपल्यासाठी बांधलेली नव्हतीच. इंग्लंडमधल्या बॅरो इथल्या कारखान्यात कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेसाठी तीन सारख्या बोटी बांधल्या गेल्या. पुढे ‘लॉयल्टी’ झालेली ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही त्यांतली पहिली, १८९० च्या ऑगस्टमध्ये पाण्यात उतरलेली. सुमारे ५,९०० टनांची, ४५५ फूट लांबीची, दोन पंख्यांची, ताशी १६ नॉट चालणारी, पांढऱ्या रंगाची आणि पुढचा भाग शिडाच्या जहाजासारखा निमुळता असलेली ही बोट त्या काळच्या पॅसिफिक महासागरात उठून दिसत असे. तिची पहिली सफर चक्क पर्यटनाची होती. ८ फेब्रुवारी १८९१ रोजी ती लिव्हरपूलहून निघाली आणि सुएझ, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग, योकोहामा असे करत २८ एप्रिलला व्हँकुव्हरला पोचली. तिथून रेल्वेने कॅनडा ओलांडायचा आणि अटलांटिकवरून घरी परतायचे, अशी पृथ्वीप्रदक्षिणा कंपनीने ६०० डॉलरांत विकली होती. आज ज्याला आपण क्रूझ म्हणतो त्याच्या पूर्वजांपैकी ही एक सफर. पण ते काही तिचे रोजचे काम नव्हते. प्रदक्षिणा संपली आणि पुढची तेवीस वर्षे ती हाँगकाँग-व्हँकुव्हर मार्गावर टपाल, चहा, रेशीम, वरच्या वर्गातले साहेबलोक आणि तळातल्या डेकवर दाटीने बसलेले चिनी व जपानी मजूर घेऊन ये-जा करत राहिली.

या बोटीचे पोट कशावर भरत होते हे इथेच पाहून ठेवले पाहिजे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. टपालाच्या कंत्राटापोटी तिन्ही बोटी मिळून कंपनीला वर्षाला ६०,००० पौंड मिळत. त्यांतले ४५,००० ब्रिटिश सरकार देई आणि १५,००० कॅनडा. बदल्यात युद्ध झाल्यास तोफा चढवता येतील अशा बेताने बोटी बांधायच्या होत्या. बंदरात उतरलेले रेशीम आणि प्रवासी पुढे नेणारी रेल्वे त्याच कंपनीची. कोळशाची ठाणी, दलाल, विमा, दुरुस्तीच्या गोद्या हे सगळे साम्राज्याच्या जाळ्यात आयते मिळत होते. म्हणजे टपालबोट ही काही नुसती लोखंडाची वस्तू नसते. सरकारी कंत्राट, रेल्वे आणि कोळसा यांचा एक करार समुद्रावर तरंगत असतो. करार काढून घेतला की उरते ती कोळसा खाणारी एक अवाढव्य धर्मशाळा. १९१३ साली ‘एम्प्रेस ऑफ रशिया’ आणि ‘एम्प्रेस ऑफ एशिया’ या जवळजवळ तिप्पट टनांच्या आणि कितीतरी वेगवान बोटी त्याच मार्गावर आल्या. तेव्हा जुन्या एम्प्रेसला तिच्या मालकांनीच बाजूला सारले, यात नवल काही नव्हते.

तिला गिऱ्हाईक मिळाले ते ग्वाल्हेरचे. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर १९१४ च्या अखेरीस महाराज माधवराव शिंदे यांनी ती विकत घेतली, इतर संस्थानिकांनीही खर्चाला हात लावला, आणि हिंदी सैनिकांसाठी रुग्णालयाची बोट म्हणून तिचे ‘लॉयल्टी’ असे नवे नाव ठेवले गेले. माधवरावांचा हा पहिलाच प्रयोग नव्हता. १९०० साली चीनच्या मोहिमेसाठीही त्यांनी ‘ग्वाल्हेर’ नावाची रुग्णालयबोट दिली होती आणि स्वतः त्या मोहिमेवर गेले होते. शिंद्यांचे मूळ गाव साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातले कण्हेरखेड. राणोजी तिथलेच, आणि महादजींनी उत्तरेत एवढी सत्ता गाजवूनही ‘पाटील’ म्हणवून घेणे सोडले नाही. या योगायोगावरून सातारकरांनी छाती फुगवावी असे मला मुळीच वाटत नाही. साम्राज्याशी निष्ठा दाखवण्यासाठी केलेली ही खरेदी होती, स्वराज्याशी तिचा काही संबंध नव्हता. पण साताऱ्याचा या बोटीशी दुसरा एक संबंध होता आणि तो रक्ताचा होता. मराठा पलटणी मेसोपोटेमियाच्या वाळवंटात लढत होत्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागतीनंतर तिथले शिपाई तुर्कांच्या कैदेत गेले. सातारा जिल्ह्यातल्या एकट्या अपशिंगे गावाचे ४६ जण त्या महायुद्धात कामी आले. गावाला ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात ते उगाच नाही. समुद्रापलीकडच्या त्या लढाईला जाणारा आणि तिथून जखमी होऊन परतणारा प्रत्येक शिपाई कोणाच्या तरी बोटीवर चढला होता, आणि त्या बोटीवर त्याचा कसलाही हक्क नव्हता. (तसा तो साताऱ्याला कधीच नव्हता. पदच्युत प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि तिथे चौदा वर्षे भांडत राहिले, तेही परक्यांच्याच जहाजातून.)

घाटावरच्या माणसाचा जहाजाच्या मालकीशी काय संबंध, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर त्याच महायुद्धाने किर्लोस्करवाडीला दिले. औंध संस्थानातल्या, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या, कुंडल रोड स्टेशनजवळच्या ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना हलवला होता आणि लोखंडी नांगर काढायला सुरुवात केली होती. युद्ध पेटले तसे इंग्लंडने आपल्या बोटी लढाईच्या कामाला जुंपल्या. विलायती नांगर यायचे थांबले, तेव्हा देशी नांगराला बाजार मिळाला. पण ओतकामाला लागणारे बिडाचे लोखंडही दुर्मिळ झाले. कारखाना चालू ठेवण्यासाठी लक्ष्मणरावांनी मिळेल तिथून मोडीचे लोखंड गोळा केले आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या, त्या वितळवून नांगर झाले. बैलाच्या मागच्या फाळाचा भाव आणि अटलांटिकवरच्या बोटींची टंचाई यांचा असा थेट संबंध होता. दर्यावर आपली बोट नाही म्हणजे घाटावर आपली भट्टीही आपल्या हाती नाही, हा धडा सांगलीकडच्या त्या माळाने मुंबईच्या शेठांइतकाच, किंवा त्यांच्याही आधी, घेतला असे म्हणता येईल.

मुंबईत तो धडा गिरवणारे वालचंद हिराचंद हे मूळचे समुद्राचे नव्हेत. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेले वालचंद रेल्वेचे कंत्राटदार म्हणून पुढे आले. लक्ष्मणराव फाटकांच्या भागीत त्यांनी पहिले काम घेतले ते बार्शी लाइट रेल्वेचे. तीच अरुंद रुळांची गाडी १९२७ साली मिरजेपर्यंत आली. युद्ध संपल्यावर ग्वाल्हेर दरबारची बोट विकायला निघाल्याचे त्यांना आगगाडीच्या प्रवासात कळले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. नरोत्तम मोरारजी, लल्लूभाई सामळदास आणि किलाचंद देवचंद यांना बरोबर घेऊन त्यांनी व्यवहार केला. २७ मार्च १९१९ रोजी साडेचार कोटींच्या अधिकृत भांडवलाची कंपनी नोंदवली गेली आणि बोटीच्या जुन्या मालकाचे आडनाव तिला मिळाले. लगेच ५ एप्रिलला बोट निघाली, वालचंद आणि नरोत्तम मोरारजी स्वतः तिच्यावर होते. दुसऱ्याच दिवशी, ६ एप्रिलला, रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ झाला; आणखी आठवड्याने जालियनवाला बाग. अशा आठवड्यात मुंबईहून हिंदी मालकीची बोट लंडनला जाते, याने लोकांच्या अंगावर काटा आला असेल तर ते समजण्यासारखे आहे. महायुद्धानंतर विलायतेच्या बोटींवर जागा मिळत नव्हत्या, त्यामुळे प्रवाशांचीही वाण नव्हती. कागदावर सगळे जुळून आले होते.

कागदाबाहेर मात्र काहीच जुळले नव्हते. अठ्ठावीस वर्षांची बोट कोळसा पूर्वीइतकाच खात होती, पण तो भागवणारे टपालाचे कंत्राट आता नव्हते. मुंबई-लंडन टपाल पी. अँड ओ. कंपनीकडे होते आणि तिथेच राहिले. तिचा माल पुढे नेणारी स्वतःची रेल्वे नव्हती. चार वर्षे रुग्णालय म्हणून वापरलेल्या बोटीला पुन्हा प्रवासी बोट करण्याचा खर्च वेगळाच. महायुद्धानंतरची गर्दी ओसरली, नव्या बोटी मार्गावर आल्या, आणि जागांची टंचाई संपताच ‘लॉयल्टी’ची गरजही संपली. तिला मारायला कोणा शत्रूची जरूर नव्हती, हे आपल्या राष्ट्रवादी आख्यानाला थोडे जड जाते. शत्रू होता तो वेगळ्या ठिकाणी. कंपनीने दरम्यान मालवाहू बोटी घेतल्या होत्या आणि ब्रह्मदेशच्या तांदळाच्या वाहतुकीत ती उतरली होती. तिथे लॉर्ड इंचकेपच्या ब्रिटिश इंडिया कंपनीने दर पाडून तिला बुडवायचा घाट घातला. दर पाडण्यापेक्षाही धारदार हत्यार होते ते राखून ठेवलेल्या सवलतीचे: व्यापाऱ्याने वर्षभर आपल्याच बोटींतून माल पाठवला तर भाड्याचा काही भाग परत, तोही काही महिने थांबून, मध्ये एक खेप जरी हिंदी कंपनीला दिली तरी साठलेली सगळी सवलत बुडाली. देशाभिमानी व्यापाऱ्यालाही हा दंड परवडत नसे. शेवटी १९२३ साली दहा वर्षांचा तह झाला. सिंदियाने ७५,००० टनांची मर्यादा पाळायची, प्रवासी घ्यायचे नाहीत, किनाऱ्यावरच्या मालवाहतुकीपलीकडे जायचे नाही. वालचंदांना तो मनापासून पटला नव्हता. ज्या वर्षी कंपनीने लंडनच्या मार्गावरचा हक्क कागदावर सोडून दिला त्याच वर्षी लंडनला गेलेली बोट मुंबईत तोडली गेली.

इथे एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. ‘लॉयल्टी’ने भाडे कमावले नसेल, पण तिने भांडवल कमावले. ती नसती तर साडेचार कोटींच्या कंपनीवर लोकांनी विश्वास ठेवला असता का? मला हे मान्य आहे, आणि पुढे जाऊन असे म्हणायला हरकत नाही की प्रवाशांपेक्षा तिने वाहिलेला हाच सर्वांत मौल्यवान माल होता. पण मग तिला त्या अर्थाने मोजावे. शेअरविक्रीचे माहितीपत्रक म्हणून ती यशस्वी, बोट म्हणून अयशस्वी, आणि ही दोन मापे एकमेकांत मिसळली की आपण म्हाताऱ्या बोटी विकत घेणे म्हणजेच स्वदेशी असे समजू लागतो. दुसरा आक्षेप पहिलेपणाचा. चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ साली तुतिकोरिनला स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली होती. १९०८ साली ते तुरुंगात गेले आणि १९११ पर्यंत कंपनीचा निकाल लागला. त्यागाचे मोजमाप केले तर त्यांच्यासमोर मुंबईचे शेठ फिके पडतात, हे प्रांजळपणे म्हणावे लागेल. ‘लॉयल्टी’चे पहिलेपण एवढेच की ती किनारा सोडून साम्राज्याच्या मुख्य रस्त्यावर गेली. तिसरा आक्षेप सर्वांत जुना: बोट इंग्रजी बनावटीची, मग स्वदेशी ती कसली? नफा कोणाच्या खिशात जातो याने फरक पडतो, हे याचे अर्धे उत्तर. उरलेल्या अर्ध्यापुरता मी आक्षेपकांच्या बाजूचा आहे. बोटीवरचा खलाशी रत्नागिरीचा असू शकत होता, पण अधिकारी होण्याचे शिक्षण हिंदी मुलाला देणारी एकही सोय तेव्हा देशात नव्हती.

आणि नेमकी हीच उणीव भरून काढण्याकडे पुढची पावले वळली, म्हणून मी ‘लॉयल्टी’च्या अपयशाला मोल देतो. १९२३ साली सरकारी समितीपुढे हिंदी जहाजउद्योगाचा प्रश्न आला आणि १९२७ साली ‘डफरिन’ ही प्रशिक्षणबोट मुंबईत सुरू झाली. गंमत पाहा, ‘डफरिन’ही जुनीच, सैन्य वाहणारी निवृत्त बोट होती. पण तिने कुठे जायचेच नव्हते. जागेवर नांगरून तिने १९७२ पर्यंत हिंदी नाविक अधिकाऱ्यांच्या पिढ्या घडवल्या. म्हाताऱ्या बोटीला शाळा करणे हे तिला लंडनच्या मार्गावर धाडण्यापेक्षा किती शहाणपणाचे होते, हे दोघींच्या आयुर्मानावरूनच दिसते. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी अपघातात गेल्यावर वालचंद सिंदियाचे अध्यक्ष झाले, आणि त्यांची धाव बोटी विकत घेण्याकडून बोटी बांधण्याकडे गेली. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला राजेंद्र प्रसादांच्या हस्ते गोदीचा पाया घातला गेला. १४ मार्च १९४८ रोजी नेहरूंनी तिथे ‘जलउषा’ पाण्यात सोडली.

याच सुमारास, १९४० साली, वालचंद समूहाने साताऱ्यारोडचा कूपर इंजिनिअरिंग कारखाना घेतला. धनजीशा कूपर हे साताऱ्याचे पारशी गृहस्थ, १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही झालेले. नांगर आणि डिझेल इंजिने ही त्यांच्या कारखान्याची ओळख. साताऱ्यारोड कोरेगाव तालुक्यातच येते, म्हणजे बोटीच्या एका मालकाचे मूळ गाव आणि दुसऱ्याचा कारखाना एकाच तालुक्यात. पहिल्या योगायोगाप्रमाणे हाही योगायोगच. इतकेच नव्हे, कूपरचा सौदा जहाजांसाठी झाला नव्हता. विहिरीवर बसवायची इंजिने आणि नांगर हाच त्या कारखान्याचा माल होता. मग त्याला ‘लॉयल्टी’शी का जोडायचे? कारण त्याच वर्षी याच माणसाने बंगळूरला विमानांचा कारखाना काढला, पुढच्या वर्षी गोदी आणि १९४४ साली मोटारींचा कारखाना. हे सगळे एका ओळीत ठेवले की आकृती दिसते. १९१९ मध्ये तयार वस्तू विकत घेणारा माणूस १९४० मध्ये भट्ट्या, लेथ आणि ओतशाळा जमवत होता. बोटीने शिकवलेला धडाच त्याने इथे वापरला, असे म्हणायला माझ्याकडे त्याच्या हातचे पत्र नाही. पण बोट गेल्यावर काय उरत नाही हे ज्याने मुंबईच्या गोदीत उभे राहून पाहिले, त्याच्या पुढच्या खरेद्यांत बोटीपेक्षा कारखानाच अधिक असावा, हा अनुमानाचा पूल मला मजबूत वाटतो.

सांगलीचा दुवा त्याहून विरळ, पण टिकाऊ. धोंडूमामा साठे यांनी १९४७ साली सांगलीत न्यू इंजिनिअरिंग कॉलेज सुरू केले. वालचंद १९५३ साली वारले. १९५५ मध्ये त्यांच्या नावाच्या देणगीनंतर ते वालचंद कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झाले. कॉलेज ही काही त्यांची योजना नव्हती. श्रेय साठ्यांचे आहे आणि ते त्यांच्याकडेच राहिले पाहिजे. आता शेवटचा आक्षेप: ही सगळी मखलाशी करून सिंदिया कंपनी तरी कुठे टिकली? विशाखापट्टणमची गोदी सरकारने टप्प्याटप्प्याने घेतली, आणि १९८०च्या दशकातल्या जागतिक मंदीत सिंदियाचा ताफाही मोडत गेला. खरे आहे. पण हा आक्षेप माझ्या बाजूचाच पुरावा आहे. बोटी गेल्या, बोटींची कंपनी गेली. साताऱ्यारोडची ओतशाळा आजही वालचंदनगर इंडस्ट्रीजच्या नावाने चालू आहे, आणि सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या कॉलेजात दरवर्षी नव्या मुलांचे प्रवेश होतात. त्यांतली बरीच मुले आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून येतात, आणि जहाजबांधणीचा विषय त्यांच्या अभ्यासक्रमात नाही.